पंचांगात नसलेलं ग्रहण

“अगं बया! माझ्या सावलीला मुंडकं न्हाई गं!”

शेवंताबाई एवढ्यानं किंचाळल्या की माझ्या हातातली काठी गळून पडली. मी कुरडयांवर बसणारे कावळे हाकत होते आणि काठी पडली ती नेमकी ओल्या कुरडयांवर. एरवी त्यांनी त्यावरून माझा चांगला उद्धार केला असता. पण त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. भर उन्हात दोन्ही हात छातीशी धरून त्या आपल्या पायांकडं टक लावून उभ्या होत्या.

“काय झालं मावशी?”

“काय झालं म्हणून काय विचारतीस? बघ की! हे माझे पाय. हा लुगड्याचा घोळ. आन् मुंडकं कुठाय?”

मी बघितलं. त्यांच्या पायांभोवती एक काळा डाग तेवढा होता. ना मान, ना हात, ना डोकं. मला हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात माझी नजर माझ्या पायांकडं गेली. माझंही मुंडकं नव्हतं.

किल्लारीच्या भूकंपात आमचं गाव गेलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. अक्षय्य तृतीया, आमची आखिती, नुकतीच होऊन गेली होती. आम्ही सगळे माळावरच्या पत्र्याच्या शेडांत राहत होतो. सरकारनं रांगेनं शेडं उभी करून दिली होती, पण सावलीला झाड म्हणून एक नव्हतं. वैशाखात आत बसावं तर अंगाची भट्टी होई. त्या वर्षी कुरडया घालायच्या की नाही यावरही बायांच्यात बोलाचाली झाल्या. घराघरातली माणसं गेलेली, कुरडया कुणाच्या तोंडात घालायच्या? शेवटी शेवंताबाईच म्हणाल्या, “जे राहिलेत ते खातील. गहू भिजवा.” त्यांची सून सुनंदा पोटुशी होती, तिला कुरडईचा चीक खायचे डोहाळे लागले होते. म्हणून त्या दिवशी पहाटेपासून बाया कामाला लागलेल्या.

माझ्या डोक्यात मात्र कुरडया नव्हत्या. त्या दुपारी बसवंतमामा सोलापूरहून जीप घेऊन येणार होते आणि माझ्या प्रयागकाकूला कायमचं घेऊन जाणार होते.

काकू म्हणजे माझ्या चुलत्याची बायको, आणि बसवंतमामा तिचे भाऊ. माझे आईवडील मी पाळण्यात असतानाच गेले. काका-काकूनंच मला त्यांच्या वैजनाथच्या बरोबरीनं वाढवलं. भूकंपात काका गेले, वैजनाथ गेला. आम्ही दोघी अंगणात होतो म्हणून राहिलो. मामांच्या दोन खोल्यांत त्यांचाच गोतावळा मोठा, त्यात एकीची सोय होण्यासारखी होती. मला लातूरला मुलींच्या वसतिगृहात ठेवायचं ठरलं होतं. मामा वाईट नव्हते हो. सांगताना त्यांचेच डोळे भरून आले होते. काकूनं फक्त मान डोलावली.

“काकू, तुला जायचंय का?” मी विचारलं होतं.

“मला काय,” ती म्हणाली. “कुठंबी.”

ही माझी काकू बरं का! भूकंपाआधीची प्रयागकाकू म्हणजे गावातलं एक प्रकरणच होतं. डोक्यावर घागर घेऊन निघाली आणि वाटेत मुंग्यांनी मेलेली गांधीलमाशी ओढत नेलेली दिसली की ही बाई घागरीसकट तिथंच उभी. जन्मभर भाकरी थापल्या, तरी तव्यावरची भाकरी टम्म फुगली की आम्हाला हाका मारायची. “बघा, बघा! आत काय न्हाई, नुसतं वारं!” संध्याकाळी जेवायला बसलं की ज्यानं त्यानं दिवसभरात पाहिलेलं एक नवल सांगायचं, असा तिचा नेमच होता. काका म्हणायचे, “नवल हेच की तू अजून वाढलेलं न्हाईस.” वैजनाथ बेधडक थापा मारायचा. “आज आपली म्हैस हसली.” काकू ताट सोडून उठायची. “चल, दाखव मला.” गावातल्या बाया तिला दीडशहाणी म्हणायच्या आणि दुपारी वेळ जात नसला की तिच्याचकडं येऊन बसायच्या.

भूकंपानंतर ती पत्र्याकडं तोंड करून बसली ती बसलीच. मी तिला काय काय नेऊन दाखवलं. मोराचं पीस नेलं. सुगरणीचा खोपा नेला. “काकू, बघ ना गं.” ती मान फिरवायची. “ठेव तिकडं. नवलाची हौस फिटली माझी.” मोरपीस नि खोपा ठीक आहे, पण ती माझ्याही तोंडाकडं बघेना. ताट वाढून द्यायची, अंगावर पांघरूण घालायची, पण नजर कायम बाजूला. मला वाटायचं, ही मला बघते आणि मनात म्हणते, ही कशी राहिली नि माझा कसा गेला? सतरा वर्षांच्या पोरीला दुसरं काय वाटणार? म्हणून तर मी तिला जाऊ नको म्हणाले नव्हते. कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

तर त्या दुपारी मी कावळे हाकत जीपच्या वाटेकडं डोळे लावून होते, आणि शेवंताबाईंचं मुंडकं गेलं.

“माझंबी न्हाई!” कुणीतरी ओरडलं.

बाया एकेक करून उठल्या. ज्या त्या आपापल्या पायांकडं बघायला लागल्या. कावळ्यांना भिववायला काळं फडकं बांधून एक बांबू रोवला होता, तो सरळसोट उभा आणि त्याच्या बुडाशी सावलीचा पत्ता नाही. घंगाळ्याला सावली नाही, सोऱ्याला नाही. ऊन मात्र असं की डोळे उघडवत नव्हते.

“माझी सासू सांगायची,” शेवंताबाईंचा आवाज चिरकला, “सावलीचं डोकं दिसलं न्हाई की त्या माणसाचं काय खरं नसतं. तिच्या जावेला दिसलं नव्हतं. दिवाळीसुद्धा बघितली न्हाई तिनं.”

“आवो, पण हितं तर सगळ्यांचंच न्हाई.”

हे कोण बोललं ते आजही मला सांगता येणार नाही. एकाचं मरण निराळं. पण सगळ्यांचंच म्हणजे काय ते आमच्या वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. शेवंताबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं आणि शेडांच्या रांगेकडं बोंब ठोकत धावत सुटल्या.

“भाईर पडा रं! पोरंबाळं घेऊन भाईर पडा!”

मग काय विचारता! दुपारी आडवी झालेली माणसं उठून धावली. “हाललं का? हाललं का?” हा आमच्या वस्तीचा रामराम होता तेव्हा, लांबून ट्रक गेला तरी लोक हेच विचारत. कुणी म्हातारीला पाठंगुळीला मारलं, कुणी झोळीसकट लेकरू उचललं. चिकाचं पातेलं लवंडलं, खाटेवरच्या कुरडया पायदळी गेल्या. पाय पोळत होते, पण चप्पल घ्यायला परत आत जायची कुणाची छाती नव्हती. बाहेर आलेलं माणूस आधी जमिनीकडं बघायचं आणि मग आपल्या सावलीकडं. बघितलं की त्याचं तोंड पडायचं. खोटं कशाला सांगू, मला धरायला कुणीतरी हवं होतं.

काकू आमच्या शेडच्या दारात गाठोडं मांडीशी घेऊन बसली होती. ती उठली नाही.

“काकू, उठ! लोक काय म्हणतात बघ!”

“म्हणू दे,” ती म्हणाली.

तेवढ्यात नरहरीतात्या आले. वस्तीतलं सगळ्यात म्हातारं माणूस. पाडव्याला आणलेलं नवं पंचांग ते उशाशी घेऊन झोपत. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, “गिराण लागलंय.”

“गिराण?” शेवंताबाईंचा मुलगा निवृत्ती पुढं झाला. “तात्या, अमावस्या तर मागंच झाली. आखिती केली की आपण. आज कसलं गिराण?”

“तेच म्हणतो मी,” तात्या म्हणाले. “पंचांगात न्हाई आणि लागलंय. असं इपरीत मी जन्मात बघितलं न्हाई. मुसळ आणा. खरंखोटं आत्ता कळंल.”

आमच्याकडं ग्रहणाची ही पक्की खूण. परातीत पाणी घालायचं, मधोमध मुसळ उभं करायचं आणि हात सोडायचा. ग्रहण असेल तर मुसळ आपलं आपण उभं राहतं. सुटलं की पडतं. आता मुसळ कुणाचं आणायचं? बहुतेकांची ढिगाऱ्याखाली गेली होती. आमचं तेवढं निघालं होतं, सागवानी, बुडाला लोखंडी कडं असलेलं. निवृत्तीनं काकूला न विचारताच आत जाऊन मुसळ आणि परात बाहेर आणली आणि आमच्या दारापुढंच मांडली.

तात्यांनी मुसळ परातीत उभं केलं. हळूच हात काढला.

मुसळ उभं राहिलं.

आज तुम्ही म्हणाल, चांगलं सपाट बुडाचं मुसळ कधीही उभं राहील. राहील की. पण ग्रहणाशिवाय इतर दिवशी ते उभं करून कोण बघतं? आम्ही कुणी बघितलं नव्हतं. मागं कुणीतरी हुंदका दिला. एक माणूस नुसताच “देवा, देवा” म्हणत खाली बसला.

“सुनंदा!” शेवंताबाईंना एकदम आठवण झाली. “गिराणात भाईर कशाला आलीस गं? पोटात लेकरू हाय तुझ्या! आत हो! आत हो आधी!”

सुनंदा बिचारी सातव्या महिन्याचं पोट धरून अंगणात उभी होती. ती शेजारच्याच आपल्या शेडच्या उंबऱ्यापर्यंत पोचली, तोच निवृत्तीनं तिचा दंड धरला.

“आये, आत काय घालतीस तिला? वरून पडलं म्हंजे?”

“गिराणाचं ऊन लागलं तर लेकरू वंगाळ निपजंल!”

“आन् पत्रा पडला तर लेकरूच ऱ्हाणार न्हाई!”

“सोड तिला!”

“तू सोड!”

सासू एका हाताला ओढते, नवरा दुसऱ्या. सुनंदा उंबऱ्यात, एक पाय आत, एक पाय बाहेर. ती रडत रडत दोघांकडं बघत होती. “आवो, काय तरी एक ठरवा,” म्हणत होती. आज हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा कुणीही हसत नव्हतं. जो तो आपल्या परीनं खरंच बोलत होता. आम्ही सगळे घराबाहेर पडलो की ग्रहण मारणार आणि घरात शिरलो की भूकंप मारणार. माणसानं उभं तरी कुठं राहायचं?

“गप बसा.”

आवाज मोठा नव्हता. पण तो काकूचा होता, आणि तो आवाज वस्तीतल्या लोकांनी कैक महिन्यांत ऐकला नव्हता. सगळे वळले. मांडीवरचं गाठोडं खाली ठेवून काकू उठली होती.

ती परातीपाशी आली. वाकून पाण्यात बघितलं, तर पाण्यातला कवडसा तिच्या तोंडावर पडला आणि तिनं डोळे बारीक केले. मग ती मुसळाभोवती फिरली. एकदा फिरली, पुन्हा उलटी फिरली. लोक बघत राहिले.

“ह्येला सावली न्हाई,” ती म्हणाली.

“मग आम्ही बोंबलतोय काय मघापासनं!” शेवंताबाई म्हणाल्या.

“कुठल्याच अंगाला न्हाई. उगवतीला न्हाई, मावळतीला न्हाई.”

“आगं प्रयाग, गिराण हाय. लांब हो.”

“गिराणात ऊन मरतं, तात्या. हे मेलंय व्हय? माझी टाळू सोलून निघाली.” तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुन्हा खाली बघायला लागली. “एवढं ऊन हाय. एवढं मोठं मुसळ हाय. आन् सावली न्हाई. कुठं गेली आसंल?”

हा प्रश्न तिनं कुणालाच विचारला नव्हता. स्वतःशीच बोलली. पण बोलताना तिची मान कलती झाली, आणि ती मान मी ओळखत होते. मुंग्यांपुढं, भाकरीपुढं ती अशीच कलायची.

काकू गुडघ्यांवर बसली. जमीन तापलेल्या तव्यासारखी होती, तरी दोन्ही तळवे टेकवून तिनं गाल जवळजवळ परातीच्या काठाला लावला. सुनंदाचे दोन्ही हात अजून दोघांनी धरलेलेच होते, पण ओढायचं दोघंही विसरले होते.

पुढं मी शिक्षिका झाले, तेव्हा मला कळलं की आपल्या मुलखात वर्षातून दोनदा सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातळी जाते. गावातही ते दर वर्षी होत असणार. पण गावात झाडं होती, ओसऱ्या होत्या. वैशाखाच्या भर दुपारी उघड्यावर उभं राहून आपली सावली कोण बघत बसलं असतं? माळावर आल्यावरच आम्हाला ती दिसली. म्हणजे न दिसलेली दिसली. तेव्हा मात्र आम्हाला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. आम्ही मरणाची वाट बघत उभे होतो आणि काकू त्या मुसळाखाली डोकावत होती.

“आली,” ती पुटपुटली.

तात्यांनी मान पुढं काढली.

“आली! उगवतीच्या अंगानं आली!” ती ताडकन सरळ झाली. चेहरा घामानं निथळत होता, डोळे मोठे झाले होते. तिनं मान वळवली आणि हात उंच करून हाक मारली, “कावेरे! लवकर ये गं! हे बघ काय नवल!”

ती हाक ऐकली आणि माझे पाय जागच्या जागी गारठले.

हीच हाक होती. शब्द न शब्द हाच होता. आम्ही अंगणात होतो म्हणून राहिलो, एवढंच लोकांना ठाऊक होतं. का होतो, ते ना काकूनं कुणाला सांगितलं, ना मी. त्या पहाटे काकूला जाग आली होती. अंगणात तिनं तांबड्या भोपळ्याचा वेल लावला होता, आणि त्याची एक कळी उमलायला लागलेली तिनं कंदिलाच्या उजेडात बघितली. भोपळ्याचं फूल! कुणाला सांगितलं तर हसतील. पण ते डोळ्यांदेखत उलगडत होतं, आणि काकूच्यानं एकटीनं बघवेना. तिनं दारातून हाक मारली. “कावेरे! वैजू! आवो, तुम्हीबी या! लवकर या, हे बघा काय नवल!”

मी डोळे चोळत उठले. काका कुशीवर वळले आणि म्हणाले, “सकाळी बघू.” वैजनाथनं तोंडावर चादर ओढली. “आये, भोपळ्याचं फूल ते. उद्याबी उमलंल.” काकूनं त्याला पुन्हा हाक मारली. तो उठला नाही. मग ती रागावली. खरं रागावणं नव्हे, रोजचं रुसणं. “झोप मग. परत हाक मारायची न्हाई मी कुणाला.” एवढं बोलून ती बाहेर आली, माझ्याजवळ बसली, माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड फुलाकडं वळवलं. पाकळ्यांची घडी सुटत होती. आणि जमिनीखालून तो आवाज आला.

परत हाक मारायची न्हाई मी कुणाला. तिचं त्या घरातलं ते शेवटचं बोलणं. आणि त्या भर उन्हात, सगळ्या वस्तीदेखत, मला एकदम लख्ख समजलं. काकूनं त्या दिवसापासून कुणालाच हाक मारली नव्हती. मलाही नाही. जेवायला बोलवायचं तर ताट वाजवायची. मी माझ्या मनाशी काय काय ग्रह करून घेतले होते! ती माझ्यावर रुसली नव्हती. मी तिला कधी नकोशीही झाले नव्हते. पोराला रुसून बोललेला शब्द ती बाई पाळत बसली होती.

आणि आज तो तिनं मोडला होता.

पण माझा पाय उचलेना! मागच्या वेळी ही हाक आली, मी गेले, आणि सगळं घर बसलं. मला पायाखाली जमीन हलल्यासारखी वाटली. खरंच वाटली. मी शेडच्या खांबाला गच्च धरलं.

“कावेरे,” काकू पुन्हा म्हणाली.

या वेळी तिचा आवाज खाली आला होता. वर केलेला हात तसाच होता. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच ती सरळ माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावरचं नवल माझ्या डोळ्यांदेखत विझत चाललं होतं. तिला वाटलं, ही येत नाही. तिनं दोनदा हाक मारली होती. त्या पहाटे वैजनाथलाही तिनं दोनदाच मारली होती. तिसरी हाक येणार नव्हती, हे मला पक्कं कळलं. आज नाही, उद्या नाही, जन्मात नाही.

मी खांब सोडला आणि धावले. पाय भाजले, कुरडया तुडवल्या, कुणाच्या तरी अंगावर आदळले. तिच्याशेजारी जाऊन धाडकन गुडघ्यांवर पडले.

“कुठं? कुठंय?”

“हे बघ. बुडाशी बघ. दिसतंय?”

परातीतल्या पाण्याखाली, मुसळाच्या उगवतीच्या अंगाला, सुतासारखी काळी रेघ उमटली होती. आम्ही दोघी बघत असतानाच ती जराशी जाड झाली. काकूनं माझी हनुवटी धरली होती.

“बघितलंस?”

“बघितलं.”

“काय बघितलंस? सांग.”

“सावली मावळतीकडून मुसळाखाली शिरली काकू, आन् उगवतीकडून भाईर आली.”

“आली ना?”

“आली.”

काकूनं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि हंबरडा फोडला. गाव गेलं तेव्हा ती रडली नव्हती. दोघांना एका ओळीत निजवलेलं बघूनही रडली नव्हती. आता तिचा सगळा देह गदागदा हलत होता. “दोनदा उठवलं गं मी त्याला,” ती म्हणत होती. “दोनदा उठवलं. तिसऱ्यांदा उठवायला काय झालं होतं मला? हात धरून ओढून आणायला काय झालं होतं?” शेवंताबाई पदर तोंडात कोंबून उभ्या राहिल्या. आता कुठं लोकांना कळत होतं, आणि कळलं तसा एकेक जण खाली बसत गेला. मी तिला गच्च धरलं. मलाही धरायला दुसरं कुणी नव्हतं.

आमच्या त्या धरपकडीत काकूचं कोपर मुसळाला लागलं. मुसळ कलंडलं, परातीत आपटलं, दोघींच्या अंगावर पाणी उडालं.

“सुटलं! गिराण सुटलं!” नरहरीतात्या ओरडले.

शेवंताबाईंनी सुनंदाचा हात सोडला. निवृत्तीनंही सोडला. सुनंदा तिथंच उंबऱ्यावर फतकल मारून बसली आणि म्हणाली, “मला आधी पाणी द्या कुणीतरी.”

मग सगळे आपापल्या सावल्या बघायला लागले. हळूहळू खांदा आला, मग कान आला. पोरं आपल्याच सावलीच्या डोक्यावर उड्या मारायला लागली. आणि या सगळ्या गोंधळात जीप येऊन उभी राहिली, ती कुणाला कळलीसुद्धा नाही.

बसवंतमामा खाली उतरले आणि बघतच राहिले. तुडवलेल्या कुरडया, लवंडलेलं पातेलं, ऐन उन्हात जमिनीवर बसलेली माणसं, आणि मधोमध ओल्या लुगड्यानं बसलेली त्यांची बहीण. ते घाबरून धावत आले.

“प्रयाग! अगं, हे काय झालंय? पुन्हा हाललं का?”

काकूनं नाही म्हणून मान हलवली.

“मग? बरं, उठ तू आधी. ऊन लागंल. गाठोडं बांधलंस न्हवं? जीप थांबलीय. चल.”

काकू उठली नाही. तिनं माझं मनगट धरलं होतं, ते जास्तच घट्ट झालं.

“मी न्हाई येत, दादा.”

“न्हाई येत? ठरलं होतं की आपलं! आता मधीच काय झालं तुला?”

काकूनं पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडं बघितलं, आणि मग भावाकडं.

“मी हाक मारली दादा,” ती म्हणाली, “आन् ही उठून आली.”